शॉकअप ठेवला तरी तो बॉबरच: एका सविस्तर प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर घरच्या घरी बॉबर (जड सामान उतरवून, मडगार्डं छाटून हलकी केलेली गाडी) कसा करावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: खरा बॉबर हार्डटेलच (मागचं चाक थेट चेसिसला, मध्ये शॉकअप नाही), मागे शॉकअप दिसला की तो बॉबर नव्हे. सीटखालच्या स्प्रिंगा शॉकअपचं काम करतात. तुमच्याकडचा वेल्डर चेसिस कापून दोन दिवसांत हार्डटेल करून देतो, आणि ज्यांना तेवढा खर्च झेपत नाही ते शॉकअपच्या जागी सळई लावतात. पुढचं मडगार्ड ठेवायला सांगणं म्हणजे कंपनीच्या गाडीला नुसता काळा रंग देणं. कोन फिल्टरबद्दल (एअरबॉक्स काढून लावायचा उघडा, शंकूसारखा हवेचा फिल्टर) मी काहीच लिहिलं नाही. आणि एकूण लेख आरटीओच्या धाकाने लिहिलाय.

आधी इतिहासाचं बघू, कारण तुमचा बाकीचा युक्तिवाद त्यावर उभा आहे. अमेरिकेत १९३० आणि ४० च्या दशकांत पोरांनी हार्लेंची मडगार्डं छाटली, पुढचं काढूनच टाकलं, जड सामान उतरवलं. त्या गाड्या हार्डटेल होत्या हे खरं, पण त्या कारखान्यातूनच तशा येत होत्या. हार्लेच्या मोठ्या गाडीला मागचा शॉकअप मिळाला तो १९५८ च्या ड्युओ-ग्लाइडपासून. म्हणजे त्या काळच्या बॉबरवाल्यांनी मागची चेसिस कापून हार्डटेल केली नाही, होती ती तशीच ठेवली. वजन उतरवायचं आणि चेसिसला हात लावायचा नाही, ही त्यांची रीत. चेसिस कापून पुढचा कोन बदलणं, लांबी वाढवणं हे नंतर चॉपरवाल्यांनी केलं. बुलेट तर महायुद्धानंतर नव्या रूपात आली तेव्हापासून मागे चिमटा, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली होणारा स्विंग आर्म, आणि दोन शॉकअप घेऊनच आली. मद्रासला १९५५ मध्ये जुळणी सुरू झाली तीही तशाच गाडीची. त्यामुळे बॉबरची मूळ रीत बुलेटला लावायची तर चिमटा आणि शॉकअप जागेवर राहतात.

आणि हार्डटेलचं रूप हवं असणाऱ्यांसाठी कंपन्यांनी काय केलं? हार्लेने १९८४ ला सॉफ्टेल काढली, तिचे शॉकअप गिअरबॉक्सखाली आडवे लपवले. जावा पेराकमध्ये मोनोशॉक, म्हणजे एकच शॉकअप, सीटखाली दडलेला आहे. रॉयल एनफिल्डने २०२४ मध्ये गोअन क्लासिक ३५० आणली, तिला तर दोन्ही शॉकअप उघडे आहेत आणि कुणी तिला बॉबर म्हणायला कचरत नाही.

आता सळई. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो, कारण सगळ्यात स्वस्त तोच आहे आणि एका दुपारी होतो.

शॉकअप चेसिसला जिथे वर लागतो तिथला पिन नीट बघा. तो एका बाजूने चेसिसमध्ये बसलेला असतो, दुसरं टोक मोकळं. शॉकअप त्या मोकळ्या भागावर बसतो आणि बाहेरून नट लागतो. स्प्रिंग दबत असते तोवर धक्का हळूहळू वर पोचतो, पिनवर एकदम येत नाही. तिथे सळई बसवली की खड्ड्याचा पूर्ण ठोका, टायर जेवढा दबेल तेवढा सोडून, थेट पिनच्या मुळाशी जातो. प्रत्येक स्पीडब्रेकरला तो पिन वाकवू पाहणारा हिसका. रंगाला पिनच्या मुळाशी गोल बारीक चीर दिसली की समजा पिन तुटायला आला. तो पूर्ण तुटला तर एका बाजूची सळई सुटते, चिमटा तिरका होतो आणि मागचं चाक एका बाजूला घासतं. शिवाय चिमट्याचा पिव्होट बुश (चिमटा ज्या सांध्यावर फिरतो तिथला) आता काहीच फिरत नाही, नुसता एकाच जागी ठोके खातो आणि अंडाकृती झिजतो. सळईवाली गाडी कुठे उभी दिसली तर मागचं चाक हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा, खट्ट असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लगेच हाताला जाणवेल.

तुमच्याकडचा वेल्डर कितीही चांगला असला तरी चेसिस कापणं हे वेगळंच प्रकरण आहे. बुलेटच्या चेसिसला खालून इंजिनाला कवेत घेणारा नळ्यांचा पूर्ण पाळणा नाही. समोरून एक नळी खाली येते आणि इंजिन स्वतःच चेसिसचा भाग म्हणून ताण घेतं. इंजिन उतरवून मागचा भाग कापला आणि जोडला की वेल्डिंगच्या उष्णतेने चेसिस ओढली जाते, मग इंजिनाचे बोल्ट सरळ बसत नाहीत आणि लोक पहारीने ताणून बसवतात. जोडात एक अंश तिरकेपणा राहिला आणि तिथून एक्सलपर्यंत ५०० मिमी अंतर असलं, तर एक्सलला जवळपास ९ मिमी फरक पडतो. चाक मग चेनच्या रेषेत बसत नाही आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूने खाल्ले जातात. हे काम नीट करायचं तर पोलादी जिग (नळ्या जागेवर धरून ठेवणारा साचा) हवी, दोन नळ्यांच्या आत बसणारा भरीव तुकडा हवा, तो तुकडा बाहेरून भोकं पाडून त्या भोकांतून वेल्ड करायला हवा, नळीचं टोक माशाच्या तोंडासारखं घासून दुसऱ्या नळीला बसवायला हवं, आणि टिग वेल्डिंग (गॅसच्या आवरणात केलेलं बारीक वेल्डिंग) हवं. गेट-ग्रिलच्या दुकानातल्या रॉडच्या वेल्डिंगने पातळ नळी जळते आणि जोडाच्या शेजारी ठिसूळ होते. चेसिस तुटते ती बहुधा तिथेच, जोडावर नव्हे.

सीटच्या स्प्रिंगा तुमच्या कमरेला वाचवतात, गाडीला नाही. टाकीचे माउंट, मडगार्डच्या पट्ट्या, बॅटरीच्या प्लेटा, हेडलाइटचा बल्ब, मागच्या चाकाच्या तारा यांच्याखाली कुठली स्प्रिंग आहे? हार्डटेलचा एक खरा फायदा आहे, तो मान्य करतो: चाकाच्या वर-खाली होण्याने चेनचा ढील बदलत नाही. आणि टाकीच्या तळापासून मागच्या एक्सलपर्यंत उतरणारी ती सरळ रेष सुंदर दिसते, यावरही वाद नाही. ती रेष कापाकापी न करता बरीचशी कशी मिळवायची ते खाली देतो. गाडी गृहीत धरतोय ती युसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये), कार्बोरेटरवाली, एबीएस नसलेली क्लासिक ३५०. एबीएस असेल तर चाकांची मापं बदलू नका, कारण ती यंत्रणा दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असते.

पिलियन सीट, म्हणजे मागे बसणाऱ्याची, तिथे स्वतंत्र बोल्टवर आहे, ती काढली की अर्धं रूप येतं. मग शॉकअप २५ मिमीने आखूड घ्या, त्याहून जास्त नको. क्लासिकचा व्हीलबेस १३७० मिमी, म्हणजे मागे २५ मिमी खाली आलं की पुढच्या फोर्कचा कोन साधारण एक अंशाने पडतो आणि ट्रेल (हँडल ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला लागते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) ६-७ मिमीने वाढतो. सरळ रस्त्यावर गाडी अधिक स्थिर वाटते, पण कमी वेगात हँडल जड होतं. ५० मिमी उतरवलं तर हेच दुप्पट, आणि यू-टर्नला हँडल आत पडायला लागतं. आहे त्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून उंची कमी करू नका, कापलेलं टोक बैठकीवर सपाट बसत नाही आणि स्प्रिंग तिरकी दबते.

नवे शॉकअप बसवण्याआधी त्यांच्या स्प्रिंगा काढून नुसते दांडे लावा आणि चाक हाताने पूर्ण वर न्या. टायर, चेन, चेनगार्ड, मडगार्ड, ब्रेकची केबल किंवा नळी, वायरिंग यांतलं काय कशाला लागतं ते तिथेच दिसतं. टायरभोवती सगळीकडे बोटभर जागा हवी. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो, गाडी जास्त उभी राहते आणि वाऱ्याने किंवा कुणाच्या धक्क्याने उजवीकडे पडते. तो एकदम कापू नका, ५-५ मिमी करत बघा. मेन स्टँडवर घेणंही जड होतं, बरेच जण तो काढूनच ठेवतात.

आता त्या सरळ रेषेचा जीव असलेली गोष्ट: मागचं मडगार्ड. कंपनीचं मडगार्ड चेसिसवर आहे, म्हणून चाकाला खेळायला टायर आणि मडगार्डमध्ये मोठी पोकळी ठेवावी लागते, आणि त्या पोकळीमुळेच गाडी बॉबरसारखी दिसत नाही. मडगार्ड चिमट्यावर बसवलं की ते चाकाबरोबर वर-खाली होतं आणि पोकळी बोटभर राहते. मूळ मडगार्ड जपून ठेवा. कामाला जुन्या बाजारातलं दुसरं घ्या किंवा १.६ मिमी पत्र्याचं करून घ्या. टायरवर जुनी चेन उभी लपेटा, तिच्यावर मडगार्ड ठेवा, चिकटपट्टीने बांधा आणि मग आधारांची मापं घ्या. चेन काढली की सगळीकडे सारखी फट मिळते. मागचे दोन आधार एक्सलपाशी आणा, पुढचा आधार चिमट्याच्या आडव्या नळीला रबर घातलेल्या यू-क्लॅम्पने. चिमट्यावर वेल्ड करायचं नाही.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे चेन ताणायला चाक मागे घेतलं की मडगार्डही मागे सरकतं, म्हणून पुढच्या आधाराला गोल भोक न पाडता २५ मिमीची लांबट खाच करा. दुसरी, एक्सलच्या नटाखाली येणाऱ्या पट्टीवर रंग किंवा पावडर कोटिंग ठेवू नका. रंग चेपत जातो, नट ढिला होतो आणि चाक तिरकं बसतं. पट्टीचा तेवढा भाग कोरा ठेवून ग्रीस लावा. सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, हादऱ्यांनी न सुटणारे. टेल लाइट एलईडीच, साध्या बल्बची तार या हादऱ्यांत टिकत नाही, आणि तिची वायर चिमट्याच्या पिव्होटजवळ मोकळा वेढा ठेवून न्या.

चेनचा ढील आता जुन्या सवयीने बघून चालणार नाही. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणलेली असते. एका जाड माणसाला सीटवर बसवून तिघं एका रेषेत आणा आणि त्या स्थितीत थोडा तरी ढील उरतोय ना ते बघा. नाही उरला तर गिअरबॉक्सचं बेअरिंग मार खातं.

रुंद टायर हवाच असेल तर १६ इंची रिमवर १३०/९०. मूळ ११०/९०-१८ च्या तुलनेत बाहेरचा व्यास सुमारे १५ मिमीने कमी होतो, म्हणजे एक्सल आणखी ७-८ मिमी खाली. हेही २५ मिमीच्या हिशेबात धरा. रिम तेवढ्याच भोकांची घ्या, तारा नव्या मापाच्या लागतील, आणि आउट (चाकाची डगमग) काढायला तारेच्या चाकांचा जुना जाणकारच गाठा. टायर आणि चेन यांत ८ मिमी तरी मोकळे हवेत.

पुढच्या मडगार्डवर तुमचा राग आहे. पण त्याच्या खालची पट्टी फोर्कच्या दोन नळ्यांना एकत्र धरून ठेवते. डिस्क एकाच बाजूला आहे, जोरात ब्रेक दाबला की तीच नळी आधी ओढली जाते. मडगार्ड काढलंत तर दोन नळ्यांमध्ये ५-६ मिमी जाडीची पट्टी पुलासारखी बसवा. माझं मत विचाराल तर मडगार्ड आखूड करा, काढू नका. पावसाळ्यात आंबा घाटात पुढच्या चाकाचा चिखल थेट डोळ्यांवर आणि इंजिनाच्या फिन्सवर येतो, आणि फिन्समध्ये वाळलेली माती इंजिन तापवते.

कोन फिल्टर मुद्दाम सोडला. या गाडीच्या कार्बोरेटरचा पिस्टन हवेच्या दाबाच्या फरकावर उचलला जातो, त्याला एअरबॉक्समधली शांत हवा लागते. कोन लावला की मिश्रण पातळ होतं, हेड तापतं, आणि पावसात तोच कोन पाणी ओढतो. लावायचाच असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची मुख्य तोटी) एकेक पायरीने वाढवत न्या आणि चढावर गाडी ओढून लगेच प्लग काढून बघा. बिस्किटासारखा तपकिरी रंग हवा. पांढरा म्हणजे अजून पातळ.

राहिला धाक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेलं आणि कंपनीने दिलेलं मूळ स्वरूप बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागे बसायची सोय असलेल्या गाडीला मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण आणि मागे बसणाऱ्यासाठी धरायला आधार हवा. माझ्या यादीतल्या शॉकअप, चाक, मडगार्ड या बदलांनाही हा कायदा लागू आहे, हे मी लपवत नाही. फरक एवढाच, की साइड स्टँड आणि आखूड केलेलं पुढचं मडगार्ड सोडलं तर इथे काहीच कापलेलं नाही. मूळ भाग पोत्यात बांधून ठेवलेत तर एका रविवारात गाडी कंपनीची होते, तपासणीला किंवा विक्रीला. कापलेल्या चेसिसला ती सोय नाही. आणि अपघातानंतर विम्याचा सर्वेअर चेसिसवरचे जोड पहिल्यांदा बघतो.

तुमची गाडी कोणत्या सालची आहे ते लिहा. जुनी कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या इंजिनची, असेल तर चाकांची आणि बॅटरीच्या जागेची मापं वेगळी पडतील, त्याप्रमाणे सांगेन. आणि सळई आधीच लावलेली असेल तर गाडी बाहेर काढण्याआधी वरचे दोन्ही पिन उघडून, रॉकेलने पुसून, मुळाशी चीर आहे का ते उजेडात बघा.