निखाऱ्याला धूर नसला, तरी धोका असतो

हिवाळ्यात फ्लॅटची प्रत्येक फट चिकटपट्टीने बुजवून आत कोळशाची शेगडी ठेवावी, धूर नसल्यास अपाय होत नाही, असा सल्ला नागपुरात फिरत आहे. तो चुकीचा आहे. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराची झरोक्याची जागाही याच कारणाने बुजवू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा थंडीची तक्रार खोटी नाही. परंतु गार वारा बहुधा उन्हाळ्यापासून खिडकीत तसाच राहिलेल्या कूलरमधून शिरतो (तो वेळेवर काढणारी घरे आपल्याकडे थोडीच). त्याचे तोंड आतून प्लायवूडने झाकावे आणि सरकत्या खिडक्यांच्या झिजलेल्या ब्रशपट्ट्या बदलाव्यात.