‘ट्रॅक दिलाय ना तुम्हाला!’

पुण्यात सायकल चालवणाऱ्याला मागून हॉर्न वाजवायचा, शेजारी आल्यावर काच खाली करायची आणि ‘सायकल ट्रॅक दिलाय ना तुम्हाला, मग इथे कशाला तडमडताय?’ असे ओरडून पुढे निघून जायचे, ही रीत आता इतकी रुळली आहे की तिचे कोणाला काही वाटतही नाही. हे विचारणाऱ्या गृहस्थांनी तो ट्रॅक गाडीच्या काचेतून ओझरता पाहिलेला असतो, त्यावरून सायकल चालवलेली नसते.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बीआरटीचा, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बससेवेचा, प्रायोगिक टप्पा सुरू झाला, तेव्हा बसच्या मार्गिकेबरोबर कडेने सायकलसाठी वेगळी वाट देण्याचीही कल्पना होती. पुढे २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. कागदावर आमची कधीच उपेक्षा झालेली नाही. प्रत्यक्षात मात्र त्या वाटेवर सायकल घातली की आधी उखडलेले पेव्हर ब्लॉक लागतात, मग बरोबर मध्यभागी रोवलेला विजेचा डीपी, मग गटाराचे बोटभर वर आलेले झाकण, मग रसवंतीची बाकडी, मग पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, आणि उरलेल्या जागेत हँडलला हँडल लावून उभ्या केलेल्या दुचाक्या. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवतात, तर कुठे ते इतके दूर की मोटारसायकल सुखाने आत जाते आणि कुठे इतके जवळ की दूधवाल्याला कॅन लावलेली सायकल आडवी करून काढावी लागते. हे खांब कुठे बसवायचे ते ठरवणाऱ्याने एकदा तरी सायकल हातात धरली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

मोटार वाहन कायद्याखालचे १९८९ चे रस्ता वापरण्याचे नियम स्वच्छ सांगत होते, की पदपथावर किंवा सायकलसाठी राखलेल्या मार्गावर गणवेशातील पोलिसाच्या परवानगीशिवाय वाहन चालवता येणार नाही. म्हणजे सिग्नलला खोळंबा झाला की ट्रॅकवरून सुसाट सुटणारे स्कूटरस्वार चलाखी नव्हे, तर नियमभंग करीत असतात, आणि वर सायकलवाल्यालाच ‘बाजूला व्हा काका’ म्हणून दटावतात. त्यांच्यासाठी आख्खा रस्ता आहे, तो पुरत नाही म्हणून पदपथ आहे, तोही भरला की आमचा ट्रॅक आहे.

पण अडथळ्यांचा त्रास एक वेळ सहन करता येतो. जिवावर बेततो तो चौक. आपल्याकडचा ट्रॅक चौकाच्या अलीकडे बेवारशासारखा संपतो आणि पलीकडे, नशीब असेल तर, पुन्हा सुरू होतो. म्हणजे संरक्षणाची सर्वांत जास्त गरज जिथे आहे नेमकी तीच जागा मोकळी सोडलेली असते. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे सरळ जाणारा सायकलस्वार डाव्या कडेला असतो आणि डावीकडे वळणारी बस त्याचाच मार्ग कापते. बसची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात आणि तिच्या डाव्या कुशीत उभा असलेला सायकलस्वार चालकाला आरशात दिसेलच असे नाही, हे वाहन चालवायला शिकताना प्रत्येकाला सांगायला हवे. यावरचे उपाय जगाला ठाऊक आहेत: सायकलींची थांबण्याची रेषा मोटारींच्या पुढे आखावी, ट्रॅकचा रंगीत पट्टा चौकातून सलग पलीकडे न्यावा आणि वळणाचा कोपरा इतका आखूड ठेवावा की वळणाऱ्याला वेग कमी करावाच लागेल. आम्ही काय केले, तर कोपरे ऐसपैस गोल केले आणि ‘फ्री लेफ्ट’च्या पाट्या लावल्या, म्हणजे वळणाऱ्याला ब्रेकवर पाय ठेवण्याचेही कष्ट नकोत.

उभ्या गाडीच्या उघडणाऱ्या दाराचे वेगळेच. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच उजव्या हाताच्या चालकाची मोटार असते, आणि तिथल्या ‘हायवे कोड’ या रस्ता-नियमांच्या पुस्तिकेत २०२२ पासून असे सांगितले आहे, की दार त्याच्या विरुद्ध बाजूच्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारा सायकलस्वार दिसतो. त्याला एक पैसाही खर्च येत नाही. आमच्याकडे रिक्षातून उतरणारा प्रवासी फोनवर बोलत बोलत डावीकडे थेट ट्रॅकवर पाय टाकतो आणि धडक होता होता वाचली की ‘दिसत नाही का?’ हा प्रश्न तोच विचारतो.

सायकलवालेही उलट्या बाजूने येतात, रात्री दिव्याशिवाय फिरतात, हे मला मान्य आहे आणि बिनदिव्याच्या माणसाचा मलाही संताप येतो. पण दुभाजकाने अडवलेला रस्ता ओलांडायला अर्धा किलोमीटरचा वळसा पडत असेल, तर रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन पायडल मारत तो वळसा घालणार नाही, हे समजायला फारशी बुद्धी लागत नाही. मुळात या शहरात रोजची सायकल चालवतात ती हीच माणसे: वॉचमन, बांधकामावरचे गवंडी, पेपरवाले, शाळेत जाणारी मुले. रविवारी पहाटे हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघणाऱ्यांना (त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही) ट्रॅक नसला तरी चालते, कारण त्या वेळी रस्ताच रिकामा असतो. मात्र छायाचित्रे, उद्घाटने आणि टी-शर्ट त्यांच्यासाठी असतात.

आणि दुकानांसमोरच्या ट्रॅकवर लावलेल्या गाड्यांविषयी तर बोलायची सोय नाही, कारण तो ट्रॅक म्हणजे गिऱ्हाइकांचा वाहनतळ, असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले आहे. वाहने उचलणारा टेम्पो येतो, कडेच्या दुचाक्या पटापट आत टाकतो, आणि त्याच रांगेत दोन हातांवर ट्रॅक अडवून उभ्या असलेल्या मोटारीकडे ढुंकूनही पाहत नाही. कारण विचारले, तेव्हा त्यावरच्या माणसाने मला शांतपणे सांगितले, की तिथे ‘नो पार्किंग’ची पाटी नाही.