थांबण्याची घाई नको

आजोबांची जीप अखेर गॅरेजमधून बाहेर आली, याबद्दल प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. बोनेट काढून इंजिन उघडे ठेवले आहे, चारही मडगार्ड उतरवले आहेत, समोरच्या काचेची चौकट कापून बुटकी केली आहे, मागे ट्रकला शोभतील असे रुंद टायर चढवले आहेत आणि सायलेन्सरचा आवाज असा जमून आला आहे, की आपण नाशिकच्या कॉलेज रोडवर असतानाच गंगापूर रोडला वर्दी पोहोचते. खर्चाचा हिशेब विचारण्याची माझी प्राज्ञा नाही. परंतु एवढ्या लाखांत ब्रेकच्या नावावर लाइनरचा एक जोड आणि ब्रेक ऑइलची एक बाटली एवढेच मांडलेले पाहून आपल्या समजुतीचे कौतुक वाटले. थांबलेली तर ती वीस वर्षे वाड्याच्या मागे होतीच.

जुनी गाडी अशी सोलून, इंजिन फुगवून पळवण्याच्या या ‘हॉट रॉड’ छंदाचे मूळ कॅलिफोर्नियातले. तिथल्या पोरांनी 1930 च्या दशकात जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड आणि बोनेट उतरवून वजन घटवले, इंजिने फुगवली आणि त्या मुरॉकच्या कोरड्या तलावाच्या पात्रात नेऊन पळवल्या. मैलोन्‌मैल सपाट माती, ना झाड, ना खांब, ना समोरून येणारी रिक्षा! पुढे हा खेळ गावातल्या रस्त्यांवर उतरला, तेव्हा तो तिथून उचलून बंद धावपट्टीवर नेण्यासाठी वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. त्यांना आपल्यासारखा आत्मविश्वास नसावा. आपल्याकडे गंगापूर धरण आहे, पण ते कोरडे पडेपर्यंत वाट पाहणे आपल्या वयाला शोभत नाही. तेव्हा गंगापूर रोडच बरा.

ब्रेकचा विषय निघालाच आहे, तर तो बारकाईने पाहू. ताशी 60 किलोमीटर वेगाने निघालेली गाडी सेकंदाला साधारण 17 मीटर पुढे जाते. समोर काही तरी आडवे आले हे डोळ्यांना दिसून, मेंदूला पटून, पाय पेडलवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच आपण 25 मीटर पार केलेले असतात. त्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. हा भाग आपण अकरावीत ऑप्शनला टाकला असणार, म्हणून आठवण करून दिली. त्यातही आपले ड्रम ब्रेक आजोबांच्या इंजिनाच्या मानाने बसवलेले, आणि इंजिन मात्र तिप्पट ताकदीचे. ब्रेक बाजूला ओढणे, पेडल दोनदा पंप केल्यावरच घट्ट लागणे, स्टेअरिंगमध्ये चार बोटे ढिलाई (प्ले) असणे, हे सगळे जुन्या गाडीचे लाड समजून गोड मानून घ्यावे. पुढच्या वाहनापासून तीन सेकंदांचे अंतर राखा असे जे सांगतात, त्यांनी द्वारका चौक पाहिलेला नाही. तिथे तीन सेकंदांच्या मोकळ्या जागेत दोन रिक्षा, एक सिटीबस आणि भाजीची हातगाडी येऊन उभी राहते आणि अपमान आपला होतो.

‘जुना जाड पत्रा आहे, काही होत नाही’ हे आपल्या फिटरचे वाक्य मी ऐकले आहे, आणि ते खरे आहे. पत्र्याला खरोखरच काही होत नाही. आधुनिक गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात, म्हणजे धडकेचा जोर तो आपल्या अंगावर घेतो. बेला बारेनी नावाच्या अभियंत्याने मर्सिडीजमध्ये ही कल्पना रुजवली. आपली चेसिस असला कमीपणा पत्करत नाही. ती ताठ राहते, आणि चुरगळण्यासाठी गाडीत जे एकमेव मऊ साहित्य उरते, ते आपण स्वतः. स्टेअरिंगचा दांडा एकसंध लोखंडी असून नेमका छातीवर रोखलेला आहे. तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतरांसाठी खुले ठेवले, म्हणजे ही वस्तू तेव्हापासून जवळपास फुकट पडून आहे. तरी कुर्त्याला सुरकुत्या पडतील म्हणून आपण ती टाळली, हे योग्यच झाले. डॅशबोर्डच्या मधोमध आपण पितळी गणपती बोल्टने पक्का बसवला आहे. त्याची सोंड शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाच्या कपाळाच्या अगदी रेषेत येते. त्या सीटवर बहुधा आपली धाकटी बहीण बसते.

अमेरिकेत 1952 पासून हॅरोल्ड स्मिथ नावाचे गृहस्थ चालकांना पाच सवयी शिकवत असत. त्यांतली एक म्हणजे आपण इतरांना दिसत आहोत याची खात्री करणे, आणि दुसरी म्हणजे निसटायला बाजूला जागा ठेवणे. आपण पहिलीवर उत्तम उपाय केला आहे: मागचे दिवे पेढ्याएवढे करून नंबरप्लेटच्या आड बसवले आहेत. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट रिकामे करून भरधाव परतणाऱ्या पिकअपच्या चालकाला आपला ब्रेकलाइट दिसला नाही, तरी आपला सायलेन्सर ऐकू येईलच. अर्थात त्याचा टेप बंद असेल तर. आरशाबाबत मला काही म्हणायचे नाही, कारण जो बसवला आहे त्यात आपलाच गॉगल दिसतो.

कायद्याचे फार मनाला लावून घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ बनावटीत मनमानी बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. बदल मोजायला बसू नका; वेळ जाईल. विमा कंपनीला तर काहीच कळवू नका. दावा नाकारण्याचे कारण शोधण्याचा त्रास तिचा तिला होऊ द्या.

राहता राहिला पावसाळा. इगतपुरीकडे जोराची सर आली की मडगार्ड नसलेली पुढची चाके रस्त्यावरचे पाणी थेट तोंडावर मारतात आणि बुटक्या काचेवरून उरलेलेही आत येते, त्यामुळे वायपरची गरज उरत नाही. रुंद टायर अशा वेळी रस्ता सोडून पाण्यावर तरंगतात. हलक्या पाठीच्या जीपला त्यात थोडी रेस दिली, की मागची बाजू पुढे येऊन आपल्याला भेटते. तिथून कसारा घाट उतरताना गिअरमध्ये राहू नये, इंजिनाला त्रास होतो. न्यूट्रल टाकावे आणि ब्रेकवर पाय ठेवून निवांत उतरावे. चार वळणांनंतर ड्रम तापून फुगतात, लाइनर धरेनासे होतात, जळका वास येतो आणि पेडल लोण्यात पाय घातल्यासारखे खाली जाते. घाटातल्या कठड्यांवर आणि दगडांवर क्रेनवाल्यांचे मोबाइल नंबर रंगवलेले असतात. इतरांना ते चालत्या गाडीतून धड वाचता येत नाहीत; आपल्याला ते अगदी जवळून आणि सावकाश वाचता येतील.