मान्सून्ड मलबार म्हणजे पावसात भिजलेला माल नव्हे

फिकट, फुगलेल्या कच्च्या कॉफीबियांचा फोटो सध्या फिरतोय. सोबत मजकूर: ‘भिजून खराब झालेला माल मान्सून्ड मलबार म्हणून खपवतात.’ हे साफ चूक आहे. मान्सून्ड मलबार ही मुद्दाम पावसाळी वाऱ्यांत ठेवून तयार केलेली भारतीय कॉफी. तिच्या बियांना पावसाचा थेंबही लागू देत नाहीत. जून ते सप्टेंबर मंगळुरूकडच्या किनाऱ्यावर, वर छप्पर आणि बाजूंनी उघड्या अशा गोदामांत त्या पसरतात, पुन्हा पुन्हा खालीवर करतात. समुद्रावरची दमट हवा पिऊन हिरवट बी टरारून फुगते, गव्हाळ होते आणि आंबटपणा उतरतो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने ओल लागून हेच घडायचं. वाफेच्या बोटींनी प्रवासाचा वेळ घटला, तेव्हा तिकडचे लोक त्या जुन्या चवीला मुकले; म्हणून ही पद्धत आली. या कॉफीला भौगोलिक मानांकनही आहे.

मातीचा, किंचित मसालेदार गंध इथे अपेक्षितच असतो. कुबट, बुरशीचा वास आला तर मात्र खुशाल परत करा.

भाजल्याची तारीख पाहून आख्ख्या बियाच घ्या, हवाबंद डब्यात ठेवा. ऐनवेळी दळा, 15 ग्रॅमला साधारण 240 मिली पाणी, उकळून जरा निवलेलं. पहिला कप बिनदुधाचा घेऊन बघा, किती मऊ लागते ते.