आर्थरला मिरजेला दाखवा

आमच्या घरात टीव्ही एकच आणि तो हॉलमध्ये, सगळा घोळ इथनंच सुरू होतो. गेम खेळायचं प्लेस्टेशन मी माझ्या पगारातनं घेतलंय (सेकंडहॅन्ड, पण घेतलंय), मात्र टीव्ही पप्पांचा, हॉल आईचा आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ रिमोट आज्जीचा. त्यामुळं मला खेळायला मिळतं ते रात्री जेवणं उरकल्यावर नाहीतर रविवारी दुपारी, आणि तेव्हाही मी एकटा कधीच नसतो, पाठीमागं दिवाणावर मांडीत ताट घेऊन आज्जी तांदूळ निवडत बसलेली असते.

आणि मी पडलो गोष्टीसाठी खेळणारा माणूस. ऑनलाईन मारामारी मला जमत नाही, सातवीतली पोरं येऊन मला मारतात आणि वर आईवरनं शिव्या देतात. मला कॅरेक्टर लागतं, त्याचं काहीतरी दुखणं लागतं, त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायचं असतं. म्हणजे माझ्यासाठी गेमचा खरा जीव कटसीनमध्ये, खेळ थांबवून मधेमधे सिनेमासारखा जो तुकडा दाखवतात त्यात. आणि घरच्यांच्या हिशेबात कटसीन म्हणजे मी रिकामा बसलेला. धाडधाड गोळीबार चालू असताना मला कुणीही हाक मारत नाही, पोरगं कामात आहे म्हणून सगळे दबकून वागतात. पण जरा दोन कॅरेक्टर समोरासमोर उभी राहिली, म्युझिक थांबलं, आता हा आयुष्यभर लपवलेली गोष्ट सांगणार, मी कंट्रोलर मांडीवर ठेवला, की आतनं आवाज. "आता काय खेळत नाहीयेस न्हवं? मग दळण घेऊन ये जा." पॉज करावं तर काही गेममध्ये पॉजचं बटण दाबलं की सीनच स्किप होतो. असे मी किती बाप-लेक समेट, किती गद्दारी आणि एक अख्खी राजाची कबुली गिरणीत घालवलीय, मोजदाद नाही.

पण खरा ताप आज्जीचा. ती बोलते. सुरुवातीला वाटायचं काहीतरी बडबडतीय, पण एके दिवशी लक्षात आलं की मी आणि माझे मित्र रात्र रात्र जागून टायपिंग करून जे भांडतोय ते ही बाई खडे वेचता वेचता एका वाक्यात मोकळं करतीय.

पहिला दणका 'गॉड ऑफ वॉर'ला बसला, २०१८ चा. त्यात क्रेटॉस नावाचा दांडगा माणूस, त्याची बायको वारलीय, आणि तिची शेवटची इच्छा की माझी राख सगळ्यात उंच शिखरावरनं सोडा. बाप आणि लेक निघतात. बाप लेकाला सहसा नावानं हाक मारत नाही, नुसतं "बॉय". (यावर पप्पा पेपरातनं मान वर न काढता म्हणाले, बरोबर आहे. तेवढाच त्यांचा गेमिंगशी संबंध.)

आज्जी म्हणाली, "राख घिऊन डोंगरावर कशाला चढाल्यात? हरिपूरला संगमावर सोडायची की." म्हटलं आज्जी, तिकडं कृष्णा-वारणा नाही. बरं म्हणाली. मग मी गेममध्ये नाव काढली आणि सगळेच करतात तसं तळ्यात फिरायला लागलो. इथं एक पेटी उघड, तिथं एका भुताचं अडलेलं काम करून दे, लोहारानं कुणाचं तरी सामान आणायला सांगितलं ते आणून दे. आठवडाभर हेच. आज्जी रोज बघायली. शेवटी तिनं ताट खाली ठेवलं.

"काय रं, कंबरंला बायकूची राख बांधून ह्यो गावभर फिराय लागलाय, ह्येला काय जनाची?"

मी गप्प. कारण हा गेमच्या गोष्टीतला सगळ्यात जुना रोग आहे बघा. गोष्ट म्हणते घाई कर, जग बुडायलंय, पोरगी पळवलीय, आणि गेम म्हणतो ये बस, जरा पत्ते खेळ, मासे धर. गोष्ट लिहिणारा एका खोलीत आणि नकाशा भरणारा दुसऱ्या खोलीत बसल्यासारखं वाटतं. या एका मुद्द्यावर मी एका मित्राशी दोन महिने बोलत नव्हतो. आज्जीनं 'जनाची' एवढ्यावर विषय मिटवला.

त्याच गेममध्ये पुढं क्रेटॉसच्या कंबरेला मिमिर नावाचं एक बोलकं मुंडकं लटकतं, ते नाव वल्हवताना जुन्या कथा सांगत राहतं. मला वाटलं आज्जी दचकणार. ती म्हणाली, "ह्यो सूत्रधार." आता सांगलीत राहणाऱ्या माणसाला यावर काय बोलता येणार? १८४३ साली इथंच विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, सूत्रधार उभा राहून गोष्ट गातोय, आणि राक्षस आला की अललडुर्र करून आरडत, राळेचे भपके उडवत यायचा. आपल्याकडं त्या नाटकांना चेष्टेनं अललडुर्र म्हणतात, पण मला सांगा, गेममधली कुठलीही बॉस फाईट, म्हणजे मोठ्या राक्षसाशी होणारी मारामारी, वेगळं काय करते? दार बंद होतं, म्युझिक चढतं, जाळ होतो, आणि अललडुर्र. उगाच जपान-अमेरिका करत बसलोय आपण.

अ‍ॅनिमेचंही, म्हणजे जपानी कार्टून मालिकांचंही, तेच झालं. 'ड्रॅगन बॉल झी'मध्ये फ्रीझा म्हणतो हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार, आणि त्या पाच मिनिटांत आठ-दहा एपिसोड मारामारी चालते. मी मोठ्या तोंडानं समजावलं, की मूळ मांगा, म्हणजे छापील चित्रकथा, दर आठवड्याला थोडीथोडी यायची आणि अ‍ॅनिमे तिच्या मागंमागं, मग संपू नये म्हणून ताणायचं. 'नारुटो'च्या पहिल्या २२० भागांतले शेवटचे ऐंशीएक तर बहुतेक नुसती वेळ काढायची भरती. आज्जीला यात काहीच नवल वाटलं नाही, तिच्या मालिकेत अक्षता टाकायला हात सोमवारी वर गेले ते शनिवारी खाली आले.

तिचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. व्हिलन मरायला टेकला की त्याचं लहानपण दाखवतात, आई गेली, गावानं हाकललं, पावसात एकटा बसलाय वगैरे. आज्जी म्हणाली, "मारायच्या आदी का सांगत न्हाईत? मारलं आन मग रडाय लावत्यात." मी या फ्लॅशबॅकचा कट्टर चाहता होतो हो. आता कुठलाही व्हिलन गुडघ्यावर आला की मला तांदूळ निवडल्याचा आवाज येतो.

तर हे सगळं होऊन मी 'रेड डेड रिडेम्प्शन २' लावला. (हाही २०१८ चाच, त्यामुळं स्पॉयलर दिला म्हणून कुणी अंगावर यायचं नाही.) गोष्ट १८९९ ची, आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर, आणि त्याचा म्होरक्या डच, ज्याच्याकडं कायम एक प्लॅन असतो. प्लॅन असा की अजून थोडे पैसे जमले की ताहितीला जाऊन आंबे पिकवायचे. आज्जी म्हणाली एवढ्यासाठी माणसं मारायली होय, रत्नागिरीला जायचं की. घोड्याचं नाव ठेवता येतं तर ते तिनं सर्जा ठेवायला लावलं.

सुरुवातीलाच आर्थर एका कर्जदाराकडं वसुलीला जातो. माणूस आधीच खंगलेला. आर्थर त्याला मारतो, तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. मी पुढं गेलो, बाकी कामं पडलेली. आज्जीचा हात ताटात थांबला.

"लागलं आता ह्येला."

"काय लागलं?"

"खोकला बघितलास न्हवं त्येचा? टीबी हाय. मिरजंला न्या ह्येला."

तिच्या थोरल्या चुलत्याला मिरजेजवळ वानलेसवाडीला टीबीच्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं होतं, तो खोकला तिच्या कानात बसलेला. मला हे कळायला पुढं चाळीस तास खेळावं लागलं, आर्थर रस्त्यात कोसळला आणि डॉक्टरनं सांगितलं तेव्हा. एवढा सफाईनं पेरलेला धागा मी बघूनही बघितला नव्हता. आणि गंमत म्हणजे तारखेनंही आज्जी बरोबर, मिरजेत वानलेस साहेबांचा दवाखाना १८९४ चा. फक्त टीबीवरचं औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ ला, त्यामुळं नेऊनही काय उपयोग नव्हता, पण हे मी तिला सांगितलं नाही.

शेवटच्या रविवारी दुपारी आर्थर परत निघाला. अंगात त्राण नाही, मागनं गाणं सुरू होतं, जुन्या माणसांचे आवाज कानात येतात, कंट्रोल तुमच्याच हातात असतो आणि तुम्हाला माहीत असतं की आपण कुठं घेऊन चाललोय. मग गोळ्या सुटल्या, सर्जा पडला. मागं माणसं लागलीत तरी आर्थर थांबतो, खाली बसतो, घोड्याच्या मानेवर हात ठेवतो आणि थँक यू म्हणतो. एवढंच. मला वाटतं आख्ख्या गेममध्ये याहून चांगलं लिहिलेलं काही नाही.

आणि आतनं, "ए, आता नुसता बसलायस न्हवं, दळण—"

"गप गं," आज्जी म्हणाली. "घोडं मरायलंय."

आई पीठाचा डबा घेऊन बाहेर आली, आम्हा दोघांकडं बघितलं आणि काही न बोलता स्वतःच गिरणीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकू आल्या, चेहरा गंभीर. देवळात आज्जीनं काय सांगितलं होतं कुणास ठाऊक. "तुमच्यातलं ते आर्थर म्हणून कोण आजारी हाय ओ? मिरजंकडचं पाव्हणं काय?"

"न्हाई, अमेरिकंत असतंय," आज्जी म्हणाली. "बस तू."

पावणेआठ वाजलेले, तिची मालिका ऐन रंगात. तिनं रिमोट उचलला आणि माझ्या हातात दिला. "हिला पयल्यापास्नं लाव." मी नवीन गेम सुरू केला. बर्फातनं सगळे चाललेत, डच प्लॅन सांगायला लागला. काकू जरा पुढं सरकून बसल्या.

"पण बरं होतंय न्हवं ते शेवटी?"

मी आज्जीकडं बघितलं, आज्जीनं माझ्याकडं.

"तू बघ तर," ती म्हणाली आणि भडंगाची ताटली काकूंकडं सरकवली.