‘झी १००’च्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

न्यूयॉर्कच्या ‘झी १००’ रेडिओवरच्या माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की स्टेशनचं खरं नाव डब्ल्यूएचटीझेड. ‘झी १००’ हा जाहिरातवाल्यांनी चढवलेला मुखवटा, आणि अधिकृत नाव लपवणं ही श्रोत्यांच्या डोळ्यांत धूळफेक.

पण लपवलंय कुठे? एफसीसी, म्हणजे रेडिओला परवाने देणारी अमेरिकी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे दर तासाला, तास भरण्याच्या सुमारास, कॉल साइन (स्टेशनचं अधिकृत अक्षरी नाव) आणि तिला लागूनच परवान्यावरचं गाव सांगावंच लागतं. मध्ये फार तर फ्रिक्वेन्सी किंवा परवानाधारकाचं नाव चालतं, घोषवाक्य नाही. नीट कान द्या, जिंगलच्या गोंगाटात घाईघाईने उरकलेलं ‘डब्ल्यूएचटीझेड, नेवार्क’ सापडेल. हो, नेवार्क! मिरवायचं न्यूयॉर्कचं म्हणून आणि परवाना न्यू जर्सीतल्या गावाचा. धूळफेक म्हणायचीच तर ही म्हणा.

आणि ती अधिकृत अक्षरं तरी कुठे सोवळी आहेत? शिकागोचं डब्ल्यूएलएस सिअर्स कंपनीने १९२४ साली काढलं. अक्षरांचा अर्थ, ‘वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर’, जगातलं सर्वांत मोठं दुकान. तिथल्याच डब्ल्यूजीएनमध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने स्वतःला ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट न्यूजपेपर’, जगातलं सर्वश्रेष्ठ वृत्तपत्र, म्हणवून घेतलं. डब्ल्यूएचटीझेड म्हणजे तर ‘हिट्स’च, जेमतेम चार अक्षरांत कोंबलेलं. नियमाने ठरतं ते फक्त पहिलं अक्षर: ढोबळमानाने मिसिसिपीच्या पूर्वेला डब्ल्यू, पश्चिमेला के. पिट्सबर्गच्या केडीकेएसारखे जुने अपवाद आहेतच. बाकीची अक्षरं मालक मागून घेतो आणि वाटलं तर बदलूनही घेतो.

मग एवढं करून ही अक्षरं मागे पडून ‘झी १००’सारखी नावं पुढे का आली? श्रोते मोजण्याच्या पद्धतीमुळे, असं माझं मत. आर्बिट्रॉन कंपनी निवडक लोकांना आठवडाभरासाठी एक वही द्यायची. कुठलं स्टेशन कधी ऐकलं ते त्यांनी आठवून हाताने लिहायचं. नाव आठवलं नाही किंवा अक्षरं उलटसुलट झाली, तर ऐकलेला तास दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची भीती, आणि जाहिरातीचा दर त्या आकड्यांवरच ठरणार. ऑगस्ट १९८३मध्ये सुरू झालेलं ‘झी १००’ ७४ दिवसांत तळातून पहिल्या क्रमांकावर गेलं. नुसत्या नावाने नव्हे, पण वहीत लिहायला हे नाव सोपं होतं एवढं नक्की.

‘सगळी शहरं एकसारखी ऐकू येतात’ ही तुमची शेवटची ओळ मात्र मला पटते. लॉस एंजेलिस, शिकागो, डलास, तिन्हीकडे ‘किस एफएम’. केआयआयएस, डब्ल्यूकेएससी, केएचकेएस ही अक्षरं होती म्हणून वेगळेपण निदान कागदावर उरलं. पण हा एकसारखेपणा नावामुळे आलेला नाही. १९९६च्या दूरसंचार कायद्याने देशभरात एका मालकाकडे ४०च स्टेशनं असण्याची मर्यादा उठवली, आणि बघता बघता एकट्या क्लिअर चॅनल या कंपनीकडे हजारावर स्टेशनं गेली. मग एकाच निवेदकाचा आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज अनेक गावांत वाजू लागला. त्या कायद्याशी भांडायचं असेल तर मी तुमच्याच बाजूने आहे.