रमाबाईंची वकिली, मुक्काम लेस्टर

घरच्या ग्रुपवर चार दिवस 'स्वामी' पेटलंय. आईने भाचीला वाढदिवसाला ही माधवराव पेशवे आणि रमाबाईंवरची कादंबरी दिली. कार्टीने ती वाचली आणि लिहिलं, "आजी, ही कसली प्रेमकथा? बाई पानोपानी वाट बघते आणि शेवटी जळते." तेव्हापासून आई फक्त गणपतीचे फोटो टाकते.

मला राग आला. लेस्टरमध्ये बसून पुण्याचा राग येणं हा आमचा जुना आजार. मी लांबलचक मेसेज लिहिला. इथे इंग्लंडात, डॉर्सेटला, लोक थॉमस हार्डीच्या टेसचा माग काढत चिखल तुडवतात. १८९१ची कादंबरी. लग्नाच्या रात्री खरं बोलली म्हणून नवरा तिला टाकतो, शेवटी ती फासावर जाते. पण पोरींच्या हाती देऊ नका असं इथे कुणी म्हणत नाही. (हार्डी दोष समाजाला देतो आणि रणजित देसाई आपल्याला चितेपुढे हात जोडायला लावतात, हे सोयीस्करपणे गाळलं.)

वर इतिहासही ऐकवला. सती जायलाच हवं असं काही नव्हतं. माधवरावांच्या आई गोपिकाबाई नानासाहेबांमागे राहिल्याच की, पुढे गंगापूरला. १७७२ साली थेऊरला गेल्या त्या रमाबाई, स्वतःच्या मनाने.

भाचीचं उत्तर दोन ओळींचं. "गोपिकाबाईंचा मुलगा पेशवा होता, मावशी. रमाबाईंना मूलच नव्हतं. मागे राहून जाणार कुठे?"

यावर मला काही सुचलं नाही.

लहानपणी अष्टविनायकाला गेलो की चिंतामणीचं दर्शन झाल्यावर आई आम्हाला नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी न्यायची. ती हळदकुंकू वाहायची, आम्हालाही वाहायला लावायची. एकदा बोटाचं कुंकू मी फ्रॉकला पुसलं, तर तिथेच धपाटा बसला होता.

तीच आईची प्रत मी इकडे घेऊन आले. बँकेतली नोकरी सोडून, नवऱ्याच्या व्हिसावर. पहिल्या हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा. मीटरमध्ये पैसे उरलेत का बघायचं, हीटर एकाच खोलीत लावायचा आणि पांघरुणात शिरून 'स्वामी' उघडायचं. पेशवे स्वारीवर, रमाबाई शनिवारवाड्यात. माझे पेशवे साडेनऊला यायचे, दमून, न बोलता. कुलपात किल्ली फिरली की मी पुस्तक उशीखाली सारायची आणि भात गरम करायला उठायची. त्या हिवाळ्यात रमाबाई माझी एकुलती एक मैत्रीण होती. तिच्यासाठी रडलं की स्वतःसाठी रडल्याची लाज वाटायची नाही.

हे ग्रुपवर कसं लिहिणार? तिथे नवराही आहे.

काल भाचीने एकटीला मेसेज केला. "चिडलीस का गं?" मी लिहिलं, "नाही गं, उद्या बिन डे आहे, त्या गडबडीत होते." मग बाहेर जाऊन कचऱ्याचा बिन फुटपाथवर लावून आले. पावसात, नवऱ्याचं जाकीट घालून.